तीनशे लॅटिन धातू आणि अकरावीतला मुलगा

साखरपेठकर
नमस्कार. माझा मुलगा यंदा मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीला विज्ञान शाखेत गेला आहे. पुस्तके इंग्रजीत आली आणि इतकी वर्षे कपाटावर धूळ खात पडलेला शब्दकोश थेट जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसला. त्यातच त्याच्या शिकवणीवर्गाने तीनशे लॅटिन धातूंची यादी हाती दिली असून रोज दहा धातू पाठ करून यायचे, असा दंडक घातला आहे. हे तीनशे आले की हजारो इंग्रजी शब्द आपोआप येतात, असे त्यांचे म्हणणे. रात्री आमच्या घरात ‘स्पेक म्हणजे पाहणे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे, डक म्हणजे पुढे घेऊन जाणे’ असा जप चाललेला असतो.

परवा मी सहज विचारले, “पोर्ट म्हणजे वाहून नेणे, तर मग ‘इम्पॉर्टंट’ म्हणजे काय रे?” त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “आत वाहून नेलेले.” त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते जेवता जेवता म्हणाले, “आमच्याकडे बाहेर जाणारा मालच इम्पॉर्टंट असतो.”

हसून झाले, पण प्रश्न उरलाच. शाळेत मी संस्कृत घेतले होते, त्यामुळे धातू पाठ करणे मला परके नाही. तरीही ज्या भाषेत मुलाला एक वाक्य वाचायचे नाही, तिचे तीनशे तुकडे घोकून दुसऱ्या भाषेचे शब्द खरोखर येतात का? ज्यांनी ही पद्धत स्वतः वापरली आहे किंवा वर्गात शिकवली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

तिसरा_बाक
माझ्या मुलीच्या वर्गानेही अशीच यादी दिली होती. तिच्यात शेंगांची टरफले फार छान मावत.

निवृत्त_मास्तर
ताई, आधी आपल्या चिरंजिवांची बाजू घेतो. त्यांचे उत्तर चुकले, पण वाट चुकलेली नव्हती. ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द ‘आत आणणे’ या क्रियापदावरूनच आलेला आहे. फक्त तो ‘आणलेले’ नसून ‘आणणारे’ आहे. जी गोष्ट आपल्यासोबत परिणाम घेऊन येते ती महत्त्वाची, असा तो प्रवास आहे. त्यांना विग्रह जमला. अर्थापर्यंतचे शेवटचे पाऊल यादीत छापलेले नव्हते, एवढेच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून एकतीस वर्षे इंग्रजी आणि संस्कृत असे दोन्ही विषय शिकवले, आणि माझे ठाम मत असे आहे की मराठी माध्यमातल्या मुलाला ही पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही. ती त्याच्याजवळ असतेच, फक्त ती त्याची आहे हे कोणी त्याला सांगत नाही. ‘हृ’ हा एकच धातू घ्या. त्याला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार आणि परिहार होतात, आणि यांतल्या कोणत्याही दोन शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत. प्रहार आणि उपहार यांत गल्लत करणारा विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. आता ‘स्पेक्ट’ घ्या. आत डोकावून पाहणे ते ‘इन्स्पेक्ट’, मागे वळून पाहावेसे वाटणे ते ‘रिस्पेक्ट’, खालून चोरून पाहणे ते ‘सस्पेक्ट’, पुढे पाहणे ते ‘प्रॉस्पेक्ट’. ‘हृ’ची कारागिरी ज्याला कळली त्याला हीही कळते.

दुसरी गोष्ट संधीची. ‘इन’ हा नकारार्थी उपसर्ग ‘लीगल’पुढे आला की ‘इल्लीगल’ होतो, ‘पॉसिबल’पुढे ‘इम्’ होतो आणि ‘रेग्युलर’पुढे ‘इर्’ होतो. इंग्रजी माध्यमातली मुले हे चार वेगवेगळे उपसर्ग म्हणून पाठ करतात. आमची मुले उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख आणि सत् अधिक जन म्हणजे सज्जन हे आधीच शिकून आलेली असतात. पुढच्या अक्षराला शरण जाणे हा व्यंजनांचा स्वभावच आहे. तो रोममध्येही होता. ‘अट्रॅक्ट’मध्ये दोन ‘टी’ का आणि ‘कलेक्ट’मध्ये दोन ‘एल’ का, या स्पेलिंगच्या कटकटी एका नियमात मिटतात.

शंकासुर
मास्तरांविषयी पूर्ण आदर राखून मतभेद नोंदवतो. इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द लॅटिनमधून, थेट किंवा फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत, हे मान्य. परंतु शब्दकोश ही एक गोष्ट आणि बोलणे ही दुसरी. सर्वाधिक वापरातले शंभर इंग्रजी शब्द काढून पाहिले तर ते जवळजवळ सगळे जुन्या जर्मानिक घराण्यातले निघतात, आणि तिथे तुमच्या यादीचा काडीचाही उपयोग नाही.

मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मला ‘टॉलरेट’ येत होते, ‘पुट अप विथ’ येत नव्हते. ‘एक्स्टिंग्विश’ येत होते, ‘पुट आउट’ येत नव्हते. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले की अमुक गोष्ट ‘पुट ऑफ’ करा. मी ती उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली. ‘पोस्टपोन’ म्हणाले असते तर माझी लाज राहिली असती.

याचे कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून दरबार, न्यायालय आणि मेजवानी यांची भाषा फ्रेंच झाली आणि शेत, गोठा व चूल यांची भाषा इंग्रजी राहिली. म्हणून मेंढी गोठ्यात असेपर्यंत ‘शीप’ असते आणि ताटात आली की ‘मटन’ होते. लॅटिन धातू मुलाला दरबारात घेऊन जातील, पण गोठ्यातले इंग्रजी त्याला कोण शिकवणार?

निवृत्त_मास्तर
शंकासुर, ‘पोस्टपोन’वरून आठवले. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोन’ म्हणजे ठेवणे, हे आपल्या लोकांना इतके पक्के कळले की त्यांनी ‘प्रीपोन’ हा शब्द स्वतःच घडवला, आणि पुढे मोठमोठ्या शब्दकोशांनी तो भारतीय इंग्रजीचा शब्द म्हणून नोंदवला. ज्याला धातू कळतात तो शब्द नुसता ओळखत नाही, पाडतोही. बाकी गोठ्याचा मुद्दा मान्य. परंतु ताईंचा मुलगा भौतिकशास्त्र वाचतो आहे, आणि ते पुस्तक दरबारी भाषेतच लिहिलेले आहे.

अभिमानी_सोलापूरकर
मला या चर्चेचे नवल वाटते. लॅटिन शिकायचेच कशाला? सगळे शब्द मूळचे संस्कृतच आहेत. सप्त अधिक अंबर सप्टेंबर, अष्ट अधिक अंबर ऑक्टोबर, नव अधिक अंबर नोव्हेंबर, दश अधिक अंबर डिसेंबर. आपल्या पूर्वजांनी आकाशाचे बारा भाग केले होते, त्यांवरूनच ही नावे पडली. हे शाळेत का शिकवत नाहीत?

निवृत्त_मास्तर
कारण ते तसे नाही. सात, आठ, नऊ आणि दहा हे आकडे त्या नावांत आहेत, एवढे आपले निरीक्षण अचूक आहे. रोमनांचे वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होत असे, म्हणून सातवा महिना सप्टेंबर. पुढे जानेवारी व फेब्रुवारी जोडले गेले आणि नावे मात्र तीच राहिली. ‘अंबर’ मात्र आपण आपल्या पदरचे घातले.

१७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या भाषणात विल्यम जोन्स यांनी असे मांडले होते की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतले साम्य योगायोगाचे असूच शकत नाही आणि या तिन्ही भाषा एखाद्या समान उगमातून निघालेल्या असाव्यात, जो उगम कदाचित आज अस्तित्वात नाही. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, सख्खी बहीण. आई मानले काय आणि बहीण मानले काय, विद्यार्थ्याचा फायदा तितकाच आहे. ‘स्टेशन’ आणि ‘स्थानक’ दोन्ही ‘उभे राहणे’ या एकाच मुळाचे. ‘व्हेइकल’ आणि ‘वाहन’, ‘डोनेशन’ आणि ‘दान’, ‘डेंटिस्ट’मधला ‘डेंट’ आणि ‘दंत’, ‘सर्पंट’ आणि ‘सर्प’, ‘सेंच्युरी’ आणि ‘शतक’, ‘मॉर्टल’ आणि ‘मर्त्य’, ‘व्हिडिओ’ आणि ‘वेद’ या सगळ्या चुलतभावांच्या जोड्या आहेत. कुर्डुवाडीला गाडी बदलताना आपण ज्या ‘जंक्शन’वर उतरतो त्याचे मूळ आणि ‘योग’ या शब्दाचे मूळ एकच. दोन्हींत जोडणे आहे. ज्या ‘व्होकॅब्युलरी’साठी हा सगळा खटाटोप चालला आहे, तीसुद्धा आपल्या ‘वाचे’ची बहीण.

मात्र चेहरा जुळला म्हणून नाते जुळत नाही. ‘डे’ आणि ‘दिवस’ सख्खे वाटतात, पण त्यांचा काही संबंध नाही. ‘दिवसा’चा खरा नातलग ‘डायरी’मध्ये लपला आहे.

सिव्हिल_समोरचा
मास्तरांचा ‘दिवस’ माझ्या औषधाच्या दुकानात रोज येतो, म्हणून लिहितो. डॉक्टर चिठ्ठीवर गोळीपुढे ‘बीडी’ लिहितात, ते लॅटिन ‘बिस इन दिए’ म्हणजे दिवसातून दोनदा. त्यातला ‘बिस’ आपल्या ‘द्वि’चा भाऊ आणि ‘दिए’ आपल्या ‘दिवसा’चा. हे मी वीस वर्षे लिहितो-वाचतो आहे, पण नाते आज कळले. आपल्या सोलापुरात मात्र हा शब्द जपून उच्चारावा लागतो. दुकानातल्या नव्या मुलाने एका आजींना “ही गोळी बीडी घ्या” असे सांगितले. आजींचे सगळे आयुष्य विड्या वळण्यात गेलेले. त्या म्हणाल्या, “बाळा, मी वळते, ओढत नाही.”

आता मुद्द्यावर येतो. अकरावी विज्ञानाच्या मुलाला नुसत्या लॅटिनवर सोडू नये, कारण जीवशास्त्रात आणि वैद्यकात ग्रीक शब्दांचा भरणा फार मोठा आहे, आणि दोघांची सरमिसळ झाली की मुले फसतात. मूत्रपिंडाचा तज्ज्ञ ‘नेफ्रॉलॉजिस्ट’ असतो, ते ग्रीक. पण त्याच मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी ‘रीनल’ असते, ते लॅटिन. ‘पेडल’ आणि ‘पेडेस्ट्रियन’ यांत लॅटिन पाऊल आहे, म्हणजे आपला ‘पद’. पण ‘पीडिअॅट्रिशियन’ हा पायांचा डॉक्टर नव्हे, तिथे ग्रीक भाषेतले मूल आहे. ‘होमिसाइड’मध्ये लॅटिन माणूस मारला जातो, तर ‘होमोजिनस’मध्ये ग्रीक ‘समान’ आहे. यादीत दोन्ही एकाखाली एक छापलेले असतील तर ती यादी न वापरलेली बरी.

साखरपेठकर
आत्ताच पाहिले. ‘पेड म्हणजे पाय’ असे लिहून पुढे पेडल, पेडेस्ट्रियन आणि पीडिअॅट्रिक असे तिन्ही शब्द एकाच ओळीत दिले आहेत.

तिसरा_बाक
टरफलांचा सल्ला कायम आहे.

धोटा
मी गेली बावीस वर्षे यंत्रमागांत आहे. इंग्रजी बेताचेच, पण या विषयावर बोलण्याचा सोलापूरकराइतका अधिकार कोणाचा नसावा, असे मला वाटते, कारण इंग्रजीतला ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ दोन्ही ‘विणणे’ या एकाच लॅटिन क्रियापदातून निघाले आहेत. मजकूर म्हणजे विणलेली गोष्ट. ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे सोबत विणलेले, आजूबाजूचे धागे. कापडातून एक धागा ओढून काढला तर त्याच्यावरून नक्षी ओळखता येत नाही, तसा वाक्यातून काढलेला शब्द. ताईंच्या यादीचा दोष हाच आहे, असे मला वाटते.

आता घरचे उदाहरण. मागावरच्या उभ्या धाग्यांना आम्ही ताणा म्हणतो आणि आडव्यांना बाणा. ताणा बीमवरून येतो, फणीतून जातो आणि मागच्या व पुढच्या रुळांमध्ये ओढलेला राहतो. तो सैल पडला की कापडाला झोळ येतो आणि जास्त ओढला गेला की धागा तुटतो. मग माग थांबवायचा, बोटांनी दोन टोके शोधायची, गाठ मारायची, आणि गाठ फणीतून सुखरूप पार होईपर्यंत श्वास रोखायचा. या ओढलेपणाला कारखान्यात आम्ही सर्रास ‘टेन्शन’ म्हणतो. मनाला होते ते टेन्शन नव्हे, धाग्याचे. ‘टेन्शन’, ‘टेंट’, ‘एक्स्टेंड’ आणि ‘अटेंड’ हे सारे लॅटिनमधल्या ‘ताणणे’ या क्रियापदाचे, आणि ते क्रियापद संस्कृत ‘तन्’ धातूचे भावंड. ‘ताण’, ‘ताणा’, ‘तंतू’ आणि ‘तंत्र’ ही सगळी ‘तन्’चीच लेकरे. म्हणजे माझा जॉबर, मागांवरचा मुकादम, जेव्हा “ताण्याचे टेन्शन बघ” असे ओरडतो, तेव्हा तो एकच शब्द दोनदा उच्चारत असतो.

‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने करणे. हातमागवाल्यांचा शब्द आम्ही यंत्रमागवाल्यांनी पळवला. आणि ‘फाइल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘धागा’ या शब्दावरून आला आहे, कारण पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. वाण्याच्या दुकानात उलट्या आकड्याच्या तारेत टोचलेली बिले आठवा. तीच खरी फाइल. या हिशेबाने आपण ज्यावर लिहीत आहोत तो ‘धागा’ही फाइलच झाला.

कडक_भाकरी
धोटा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ‘कम्पॅनियन’ या शब्दात ‘सोबत’ आणि ‘भाकर’ असे दोन तुकडे आहेत, म्हणजे एका भाकरीत वाटेकरी असलेला, हे सांगून मी माझे सदस्यनाम सार्थ करतो. ‘कंपनी’ही तिथूनच. शेंगाचटणीला मात्र लॅटिनमध्ये काही सोय दिसत नाही.

माळढोक
प्राण्यांची आणि वनस्पतींची शास्त्रीय नावे हा लॅटिन शिकण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यात पायी चालत शिकता येतो. नान्नजच्या माळरानामुळे प्रसिद्धीस आलेल्या माळढोकाचे शास्त्रीय नाव ‘आर्डिओटिस नायग्रिसेप्स’ असे आहे. ‘नायग्रि’ म्हणजे काळे आणि ‘सेप्स’ म्हणजे डोके. नराच्या डोक्यावरची काळी टोपी ज्याने एकदा पाहिली, तो हे नाव विसरत नाही. हेच ‘सेप्स’ ‘बायसेप्स’मध्ये आहे, कारण दंडाच्या त्या स्नायूला वरच्या टोकाला दोन डोकी असतात. ‘कॅप्टन’ आणि ‘कॅपिटल’ हेही त्याच डोक्याचे. त्याच माळावर दिसणारे काळवीट ‘सर्व्हिकाप्रा’ आहे, म्हणजे हरीण अधिक बकरी. नाव ठेवणाऱ्याला तो दोन्हींसारखा दिसला असावा.

ज्वारी ‘सॉर्घम बायकलर’ आहे, म्हणजे दोन रंगांची. डाळिंब ‘प्युनिका ग्रॅनेटम’ आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच गावात २००५ पासून आहे, तिथल्या पाटीवर हे नाव नक्की सापडेल. ‘ग्रॅनेटम’ म्हणजे दाणेदार. त्याच दाण्यावरून ‘ग्रेन’, ‘ग्रॅन्यूल’ आणि कणीदार दिसणारा ‘ग्रॅनाइट’. हातबॉम्बला ‘ग्रेनेड’ म्हणतात तेही डाळिंबावरूनच, कारण आत दाणे भरलेले आणि फुटले की चहूकडे उडणारे. मी सहलीला आलेल्या मुलांना एक डाळिंब फोडून हे पाच शब्द सांगतो. एकाही मुलाने आजवर वही काढली नाही, आणि पुढच्या वर्षी भेटल्यावर पाचही शब्द त्यांनाच आठवतात.

सात_रस्ता
‘ट्रिव्हिया’ म्हणजे तीन रस्ते जिथे मिळतात ते ठिकाण. तिथे उभे राहून लोक ज्या फुटकळ गप्पा मारतात त्या ‘ट्रिव्हियल’. आमच्या चौकात सात रस्ते मिळतात. तिथल्या गप्पांना काय म्हणावे, हे मास्तरांनीच ठरवावे. शिवाय ‘बस’ हा मुळात शब्दच नाही, तो लॅटिनमधला नुसता विभक्तिप्रत्यय आहे. ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. त्यातले ‘सर्व’ गळून गेले आणि उरले ते ‘साठी’. एस.टी.च्या गर्दीत तरी ते ‘सर्व’ अजून शिल्लक आहेत.

उजनीचे_पाणी
माझा आवडता शब्द ‘रायव्हल’. लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा, आणि एकाच ओढ्याचे पाणी घेणारे दोन शेजारी म्हणजे ‘रायव्हल’. आमच्या भागात कालव्याला पाणी सुटले की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर जावे लागते, कारण वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने दार बंद केलेले असते. तोही बॅटरी घेऊन उभाच असतो. आम्ही दोघे एकमेकांचे सोयरे आहोत. पण पाण्याच्या पाळीच्या दिवशी रोमनांनी आमच्यासाठीच हा शब्द काढला होता, याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही.

शंकासुर
सगळ्या कथा गोड आहेत, म्हणूनच मला भीती वाटते. कथा जितकी गोड तितकी ती खोटी असण्याचा संभव अधिक. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे मला शाळेत फळ्यावर लिहून शिकवले गेले आणि ते साफ खोटे आहे. ‘न्यू’चे अनेकवचन, इतकेच ते आहे. ‘सिन्सिअर’ म्हणजे मेण न लावलेला पुतळा, हेही कोणीतरी रचलेले. ‘सॅलरी’ या शब्दात मीठ आहे हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मिठाची पोती मिळत, याला पुरावा नाही. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या आपल्या लोकांना ती गोष्ट पटते, म्हणून ती टिकली आहे.

दुसरे असे की मूळ कळले तरी आजचा अर्थ कळत नाही. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी असा होता. ‘टेरिबल’ आणि ‘टेरिफिक’ दोन्ही ‘भीती’चेच, पण एक शिवी झाली आणि दुसरी शाबासकी. ‘इन’ म्हणजे नकार असे घोकलेला माणूस टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ वाचून शेजारी विडी पेटवेल, कारण तिथला ‘इन’ नकाराचा नाही. धातूवरून अर्थ काढणे हा जुगार आहे, आणि परीक्षेत जुगार खेळू नये.

निवृत्त_मास्तर
शंकासुर, या वेळी आपण मला निरुत्तर केले असे म्हणणार होतो, पण आपणच माझे काम सोपे केले. धातूवरून अर्थ ओळखायला जाऊ नये, हे मी निःसंकोच मान्य करतो. यादी देणारे वर्ग चुकतात ते इथेच. अर्थ आधी वाक्यातून आणि शब्दकोशातून घ्यावा, आणि तो घेतल्यानंतर धातूकडे जावे. धातू ही किल्ली नाही, ती खुंटी आहे. शब्द आणल्यावर तो टांगायला जागा हवी, नाहीतर सकाळी आणलेला शब्द संध्याकाळपर्यंत जमिनीवर पडलेला असतो. ‘टेरिबल’ आणि ‘टेरिफिक’ यांची गोष्ट आपण इतक्या रागाने सांगितली की ते दोन्ही शब्द आता इथे कोणीही विसरणार नाही.

ताई, मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातले एक उदाहरण देतो. मराठी माध्यमातली मुले परावर्तन आणि अपवर्तन यांत वर्षभर गोंधळतात, आणि इंग्रजीत गेल्यावर ‘रिफ्लेक्शन’ व ‘रिफ्रॅक्शन’ यांत पुन्हा तोच गोंधळ घालतात. ‘फ्लेक्स’ म्हणजे वाकणे, ‘फ्रॅक्ट’ म्हणजे मोडणे. हाड मोडते ते ‘फ्रॅक्चर’. पाण्याच्या पेल्यात बुडवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते ते ‘रिफ्रॅक्शन’. पेन्सिल समोर ठेवूनच सांगा.

साखरपेठकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधले तीन आठवडे उत्तर दिले नाही, कारण आम्ही घरात प्रयोग करत होतो.

यादी बंद केली, म्हणजे वर्गापुरती ठेवली. त्याऐवजी त्याच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दिवसभरात जे शब्द अडतात त्यांतले फक्त चार घ्यायचे, ते वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवायचे, शब्दकोशातला अर्थ लिहायचा, आणि मग त्याखाली धातू व मराठीतला नातलग सापडला तर तो. पहिल्या आठवड्यात ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे हा धातू त्याला स्वतःच सापडला, ‘अट्रॅक्ट’ आणि ‘एक्स्ट्रॅक्ट’ लिहून झाल्यावर तो अचानक म्हणाला, “आई, आजोबांचा ट्रॅक्टर!” नंतर वजाबाकीचे ‘सबट्रॅक्ट’ही त्याच ओळीत आले. हे सगळे शब्द त्या यादीत एकत्रच छापलेले आहेत आणि त्याने ते पूर्वी पाठही केले होते. तेव्हा त्याला ट्रॅक्टर दिसला नव्हता.

पण खरी गंमत ‘ग्रॅव्हिटेशनल अट्रॅक्शन’ या शब्दाला झाली. ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे जड, हे त्याने शब्दकोशात पाहिले. मी म्हटले, संस्कृतमध्ये जड म्हणजे ‘गुरु’, आणि मास्तरांना विचारले तेव्हा त्यांनी कळवले की हे दोन शब्दही एकाच मुळाचे आहेत. मग त्याने वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या. वर ‘गुरुत्व’, खाली ‘ग्रॅव्हिटी’. वर ‘आ’ अधिक ‘कर्षण’, खाली ‘अॅड’ अधिक ‘ट्रॅक्ट’. बराच वेळ तो त्याकडे पाहत बसला. दहावीपर्यंत इतकी वर्षे वाचत आलेला ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द त्याने त्याआधी कधी फोडून पाहिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

शंकासुर, आपला आक्षेपही ध्यानात ठेवला आहे. ‘पुट’चे वेगळे पान केले असून त्यावर आजवर सात वाक्ये झाली आहेत. त्या पानाला कोणतीही युक्ती लागू पडत नाही, ते नुसते वाचून आणि चुकूनच भरते आहे.

एक प्रश्न उरला आहे. त्याच्या वडिलांनी रोज रात्री वही पाहून शेवटी विचारले, “आमच्या टॉवेलमध्ये कोणता धातू आहे?” यादी दोनदा चाळली, पण सापडला नाही.

निवृत्त_मास्तर
सापडणार नाही. ‘टॉवेल’ फ्रेंचमधून इंग्रजीत आला असला तरी त्याचे मूळ जर्मानिक आहे, आणि त्या मुळाचा अर्थ धुणे असा आहे. तो शंकासुरांच्या गोठ्याकडचा शब्द.

शंकासुर
आनंद झाला. आणि चादर?

निवृत्त_मास्तर
फारसी.

धोटा
म्हणजे साऱ्या गावाच्या पोटापाण्याचे दोन शब्द, आणि दोन्ही यादीबाहेर. उद्या जॉबरला सांगतो.